डावी बाजू

१

मोजणीच्या कामातला सगळ्यात मोठा शत्रू कोण, असं कुणी ताईला विचारलं असतं तर तिने वादळाचं नाव घेतलं नसतं, धुक्याचं नाही, समुद्राचं तर नाहीच. तिने प्रिंटरकडे बोट दाखवलं असतं. बंदरावरच्या कचेरीतलं ते यंत्र चार फोटो शहाण्यासारखं काढायचं आणि पाचव्याला कागद चावून बसायचं. ताईचं तर सगळं कामच फोटोंचं.

काम ऐकायला गमतीचं होतं. खाडीच्या तोंडाशी राहणारे डॉल्फिन मोजायचे. आता टोपलीतली मासळी कुणीही मोजेल. इथे एक बुडतो, तिकडे एक निघतो, आणि तो दुसरा की पहिलाच, हे त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून युक्ती अशी, की प्रत्येकाच्या पाठीवरच्या पंखाचा फोटो घ्यायचा. कोयत्यासारखा तो पंख कुणाचा शेंड्याला फाटलेला असतो, कुणाच्या कडेला खाच असते, कुणाच्या कातडीवर ओरखडे असतात. चांभाराला जसं गिऱ्हाईक चेहऱ्याने आठवत नाही पण चप्पल बघितली की बाप-आजा आठवतो, तसंच हे. ओळख पटली की अल्बममध्ये पान मिळायचं, नाव मिळायचं. मग दर हंगामात बघायचं, मागच्या वर्षीचे यंदा किती पुन्हा दिसले. दिसले ते जगले. शोधशोधूनही दिसले नाहीत ते गेले. त्यावरून जगण्याचं प्रमाण निघायचं आणि संख्या वाढतेय की घटतेय ते कळायचं. सध्या अल्बमची पानं होती बावीस.

एकोणीस वर्षं ताई ही जुळवणी करत होती, आणि त्यातली सतरा तरी खुर्चीत बसून. बोटीत पाय ठेवला की तिच्या पोटात ढवळायचं. फोटोग्राफरची जागा भरणं कचेरीने केव्हाच बंद केलं होतं, त्यामुळे बोट हाकणारे काकाच एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा सांभाळायचे, आणि दहातले सहा फोटो आभाळाचे काढून आणायचे.

त्या मंगळवारी सकाळी मात्र सगळे फोटो स्वच्छ होते. यावरूनच खरं तर तिला शंका यायला हवी होती. ती भराभर ओळखत गेली. तुटकी. झालर. दातरी. चौदाव्या फोटोतल्या पंखाला मागच्या कडेने ओळीने सात खाचा होत्या, म्हणजे करवत. तिने वहीत ‘करवत, दिसला’ असं लिहिलं, चहाच्या कपाकडे हात नेला, आणि हात तिथेच थांबला.

करवत समोरच्या फळीवर होता. काचेच्या बरणीत, औषधाच्या पिवळट पाण्यात, सात खाचा भिंतीकडे करून. हिवाळ्यात तो मेलेला किनाऱ्याला लागला होता. असा सापडला की त्याचा पंख कापून बरणीत ठेवायचा, म्हणजे ओळखीबद्दल पुढे वाद नको, अशी कचेरीची रीत. कापला ताईनेच होता. तो वास आठ दिवस तिच्या केसांतून गेला नव्हता.

तिला भीती नाही वाटली. तिला राग आला.

२

राग काकांवर होता. म्हातारबुवांनी डिझेल वाचवायला मागच्या वर्षीचेच फोटो पुन्हा चिकटवले, हे उघड होतं. ती जिना उतरून धक्क्यावर गेली आणि तिने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. काका शांतपणे दोर वळत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की फोटोत मागे काय दिसतंय ते ताईंनी बघितलं का.

तिने बघितलं. फोटोत मागे पिवळी क्रेन होती. बंदरावर ती क्रेन उभी राहून महिना झाला नव्हता.

मग तिने सगळ्या बरण्या खाली काढल्या. हिवाळ्यात किनाऱ्याला नऊ डॉल्फिन लागले होते. तिघांच्या पंखांवर ओळखण्याजोगी खूण नव्हती, उरलेल्या सहांचे पंख या बरण्यांत होते. ती एकेक बरणी खिडकीशी धरायची, हातातला फोटो शेजारी धरायची आणि पुटपुटायची. सहाच्या सहा. मेलेले सहा खाडीच्या तोंडाशी, नव्या क्रेनसमोर, ऐटीत.

तिने कपाळाला हात लावला आणि ती साहेबांकडे गेली.

साहेबांना आनंद झाला. साहेब तसे वाईट नव्हते, पण उंटावरून शेळ्या हाकणारे. बंदराला मोठी जहाजं आणायची होती, त्यासाठी खाडीच्या तोंडातला खडक सुरुंगाने फोडायचा होता. हिवाळ्यात चाचणीचे चार सुरुंग लावले होते आणि त्यानंतरच ते नऊ किनाऱ्याला लागले, हे साहेबांनाही माहीत होतं. पण नियम असा होता: खाडीतले डॉल्फिन शंभरात नव्वद जगत असतील तर सुरुंगांना मोकळीक. त्याहून कमी, तर खडकाला हात लावायचा नाही. आणि मोजणीच नसेल तर पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं. मोजणीवर सही ताईची. मुदत पुढच्या शुक्रवारची.

“बाविसातले बावीस,” साहेब म्हणाले. “अहो बाई, शंभर टक्के! इतका चांगला आकडा आपल्या कचेरीने आजवर पाठवला नाही.”

“साहेब, त्यातले सहा माझ्या फळीवर आहेत.”

“मग चिठ्ठ्या चुकल्या असतील बरण्यांवरच्या.”

तिने सांगून पाहिलं की खाचांना चिठ्ठी लागत नाही. मेलेला प्राणी मोजला की हिशेबात कुणी मरतच नाही, आणि कुणी मरत नाही म्हटलं की सुरुंग लागणार आणि उरलेसुरले मरणार, हेही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. साहेब म्हणाले, फोटो आहे तर डॉल्फिन आहे, आपण फोटोचं खातो.

३

ताई तिच्या मोठ्या बहिणीकडे राहायची. बहीण शिलाईचं दुकान चालवायची. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. बहिणीचं तोंड तिच्या कात्रीपेक्षा धारदार, आणि ताईच्या कामाबद्दल तिचं मत ठरलेलं होतं: ज्याला आधार कार्ड नाही त्याला मोजू नये.

त्या संध्याकाळी ती दुकानाच्या काचेत उभ्या असलेल्या पुतळ्याला नवा झगा चढवत होती आणि ताई स्टुलावर बसून तक्रार करत होती. बहिणीने मध्येच सांगितलं, पिना दे. पुतळा बारीक, झगा ढगळ. बहिणीने पाठीमागून कापड मुठीत गोळा केलं, सात-आठ पिना खुपसल्या, आणि पुढून झगा असा बसला की जणू मापानेच शिवलाय.

“फिरून बघत नाही का कुणी?” ताईने विचारलं.

“बघायला मागे जागा हवी ना. भिंत आहे. म्हणून तर पुतळा भिंतीला लावून ठेवायचा.”

ताईच्या हातातली पिनांची डबी तशीच राहिली.

अल्बममध्ये फक्त डाव्या बाजू होत्या. तीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या साहेबांनी हा नियम घालून दिला होता, आणि त्यात शहाणपण होतं. ओरखडे दोन्ही बाजूंना वेगळे असतात. एकाचीच डावी आणि उजवी धरली तर एकाच जनावराची दोन पानं व्हायची. म्हणून उजव्या बाजूचा फोटो आला की फाडून टाकायचा. ताईने असे कितीतरी न निरखता फाडले होते. आता तिला आठवेना, शेवटचा कधी फाडला. गेल्या आठवड्यात नाही, गेल्या महिन्यात नाही. या हंगामात एकही उजवी बाजू आलीच नव्हती. सहाशे फोटो आणि सगळे डावे.

पिना संपल्या का, म्हणून बहिणीने दोनदा विचारलं.

४

गुरुवारी सकाळी ती बोटीत चढली. काकांनी तिच्या पायाशी एक रिकामी बादली ठेवली. पहिल्या दहा मिनिटांतच ती उपयोगी पडली.

खाडीच्या तोंडाशी पाणी निवळ होतं, ऊन पाठीमागे. आधी दिसली ती मावशी. मावशी ही अल्बममधली सगळ्यात जुनी मादी, पंखाचा शेंडा गळालेला, डाव्या बाजूला तीन बारीक ओरखडे. तिच्यासोबत यंदाचं पिल्लू होतं. पिल्लू अजून कोरं होतं, अंगावर एक खूण नाही, म्हणून ते मोजणीत नव्हतं. कोऱ्यांना मोजायचं नाही हाही नियमच. मावशी बोटीखालून पलीकडे गेली, उलटून आली, पिल्लाला ढुशी दिली आणि इतक्या जवळ वर आली की तिच्या श्वासाचे शिंतोडे ताईच्या चष्म्यावर उडाले. घाणेरडा, मासळीचा, उबदार वास. उजव्या बाजूला पंखाच्या खाली तिला वीतभर पांढरा व्रण होता, बोटीच्या पंख्याचं पातं लागल्याचा. तो ताईने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला. तिला बरं वाटलं.

बाकीचे थोडं पुढे होते. एकवीस पंख, जवळजवळ एका ओळीत, डावी बाजू बोटीकडे. काका कॅमेरा उचलायला लागले. ताईने त्यांना थांबवलं आणि बोट ओळीला वळसा घालून पलीकडे घ्यायला सांगितली.

काकांना ते आवडलं नाही. त्यांनी कारणं सांगितली ती अशी: उन्हाकडे तोंड होईल, फोटो काळे येतील, डिझेल जाईल, आणि शिवाय त्या बाजूने जायचं नसतं. का नसतं, ते त्यांना सांगता येईना. यंदा एकदा करून बघितलं होतं, एवढंच म्हणाले. नुसता फेरा पडला.

तिने हट्ट धरला. बोट वळली. आणि ओळही वळली.

घाईने नाही. घड्याळाचा काटा सरकावा तशी, बोटीबरोबर. बोट पाव फेरा गेली, ओळ पाव फेरा फिरली. बोट पलीकडे पोहोचली तेव्हा करवतच्या सात खाचा पुन्हा समोर होत्या, जागच्या जागी, आणि डावी बाजू बोटीकडेच. काकांनी दुसरा फेरा घातला. तिसरा घातला. एकविसांपैकी एकही बुडाला नाही, एकही पुढे गेला नाही. ताईने खाली पाण्यात पाहण्याचा प्रयत्न केला, पंखाखाली पाठ दिसते का म्हणून. तिथे पाण्यावर उन्हाची चमक होती. ज्या बाजूने बघावं त्या बाजूने नेमकी तिथेच चमक.

“चक्कर येते बघा,” काका म्हणाले. “चला ना ताई, पुरे.”

ताईने बादली जवळ ओढली. या वेळी ओकारी बोटीमुळे नव्हती.

५

एकाच मालाची पुढची बाजू दोन गिऱ्हाइकांना दोन बाजूंनी दाखवता येत नाही. हे कुठल्याही दुकानदाराला कळतं आणि शुक्रवारी दिवसभर डोकं खाजवल्यावर ताईलाही कळलं. शनिवारी तिने दोन बोटी नेल्या. एक काकांची. दुसरी काकांच्या मेहुण्याची. मेहुणा एका कानाने बहिरा होता आणि दुसऱ्या कानाने आपल्याला हवं तेवढंच ऐकायचा. ताई त्याच्या बोटीत बसली.

ठरलं असं, की काकांनी नेहमीच्या बाजूने जाऊन फोटो काढत राहायचं आणि फोनवर सांगत राहायचं. तोपर्यंत मेहुण्याने लांबून, इंजिन बंद करून, भरतीबरोबर वाहत पलीकडून यायचं.

“आले बघा,” फोनवर काका म्हणाले. “एकवीस. कसे उभे आहेत ओळीत, शाळेच्या फोटोसारखे.”

ताईला काका दिसत होते. दोनशे पावलांवर त्यांची बोट, त्यात ते उभे, कॅमेरा डोळ्याला. ते पाण्याचे फोटो काढत होते. त्यांच्या आणि तिच्या मध्ये काही नव्हतं.

पंख नव्हते. पाठी नव्हत्या. सपाट पाणी होतं, इस्त्री केल्यासारखं. तिने चष्मा पुसला. मेहुण्याला विचारलं, तुम्हाला दिसतात का. त्याने मान हलवली, नाही. काका फोनवर नावं घेत होते, ताईने शिकवलेली: तुटकी, झालर, ही दातरी, करवत.

पाण्यात काहीतरी चुकत होतं आणि तिला ते सापडत नव्हतं. फोटो जुळवताना असंच व्हायचं, एकटक बघत राहावं लागायचं. ती बघत राहिली. काकांच्या बोटीला पाण्याच्या वर हातभर लाल पट्टा होता, त्यांनीच दर वर्षी रंगवलेला. तो पट्टा दिसत नव्हता. बोटीचा खालचा भाग कशामागे तरी गेला होता. मध्ये जे होतं ते पाण्याच्याच रंगाचं होतं, पाण्यासारखंच हलत होतं, धक्क्याएवढं लांब होतं, आणि त्याची पाठ तिच्याकडे होती.

तिचं एक मन म्हणालं, लाट असेल. दुसरं मन म्हणालं, लाट इतका वेळ उभी राहत नाही.

मग ते वळू लागलं. पत्ते खेळणारा हातातले पत्ते हळूच दुसऱ्याला दाखवतो तसं, एका टोकाकडून. टोकाशी आधी एका पंखाची कड आली, कागदाच्या कडेइतकी पातळ. तिच्यामागून दुसरी. तिसरी. कडा रुंद होऊ लागल्या, खाचा दिसू लागल्या.

मेहुण्याने तिला न विचारता इंजिन सुरू केलं. ताईने नजर पायाखालच्या फळीवर ठेवली आणि धक्का येईपर्यंत वर पाहिलं नाही. फोन कानाशीच होता.

“गेले,” काका वैतागून सांगत होते. “एकदम नाहीसेच झाले, ताई. तुमच्या बाजूला दिसतात का?”

६

जे पाहिलं ते साहेबांना सांगण्यात अर्थ नव्हता. सांगितलं असतं तर त्यांनी तिला रजा घ्यायला लावली असती आणि सही दुसऱ्याकडून करून घेतली असती. बहिणीला सांगितलं. बहीण ऐकताना हसली नाही, पण काचेतला पुतळा तिने आत आणून ठेवला.

सोमवारी ताई साहेबांच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि नवा नियम सुचवला. तो तिने रात्रभर घासूनपुसून तयार केला होता. यापुढे दोन्ही बाजूंचा फोटो असेल तरच प्राणी जिवंत धरायचा. पद्धत जुनी झाली, चुका होतात, वगैरे. नियम चोख होता, आणि त्या नियमाने बाविसातली एकटी मावशी उरत होती, ज्या दिवशी हवी त्या दिवशी दोन्ही बाजूंनी फोटो देणारी. एकवीस जण एका ओळीत गळत होते, सुरुंग बंद पडत होते, आणि कुणाला काही पटवून द्यायला नको.

साहेबांनी तोंड वाकडं केलं. आयत्या वेळी हे काय काढलंत, म्हणाले. पण नियम चूक आहे असं त्यांना म्हणता येईना. शुक्रवारपर्यंत उजव्या बाजू मिळाल्या तर मिळाल्या, असं ठरलं. वर पाठवायचं पत्र गुरुवारी लिहू म्हणाले. म्हणजे ही गोष्ट त्या दिवशी त्या दोघांच्या आणि चार भिंतींच्या बाहेर गेली नव्हती. काकांना तिने मुद्दामच काही सांगितलं नाही.

खोलीच्या भिंतीखाली समुद्र होता. भरतीला पाणी दगडांना लागून चुळचुळ आवाज करायचं. एकोणीस वर्षं करत होतं. त्या दिवशी ते बोलणं चालू असेपर्यंत गप्प होतं, हे तिला घरी गेल्यावर आठवलं. तिने स्वतःची समजूत घातली, की ओहोटी असेल. मग तिने भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी काका जिना चढून वर आले, तेही हसत. ताई, आज मजा झाली, म्हणाले. आज सगळे आपणहून वळून दाखवत होते, ही बाजू, मग ती बाजू. कापडवाला तागा उलगडतो ना, तसे. मी म्हटलं घेऊन ठेवावेत, तुम्ही मागाल कदाचित.

ताईने विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का घ्यायला. काका म्हणाले, कुणी सांगायला कशाला हवं, समोर आले म्हणून घेतले.

प्रिंटरने एकही कागद चावला नाही.

बावीस डाव्या, बावीस उजव्या. तिने करवतची जोडी शेजारी शेजारी ठेवली. खाचा उलट्या, ते बरोबरच. खाच आरपार असते. पण कातडीवरचे ओरखडेही तसेच होते, तेवढेच, तिथल्या तिथे, आरशात पाहिल्यासारखे उलटे. एकाही जनावराला दोन्ही अंगांनी सारखीच जखम होत नाही. उजवी बाजू कशी असते हे ज्याला माहीत नाही, त्याने डावी बघून केलेलं काम होतं ते.

एकवीस झाले. बाविसावा फोटो ती शेवटी उचलत होती, कारण तो बघायची गरज नव्हती. मावशीला तिने स्वतः पाहिलं होतं.

मावशीच्या उजव्या बाजूला तीन बारीक ओरखडे होते. वीतभर पांढरा व्रण नव्हता.

आणि फोटोच्या कडेला, त्या उजव्या बाजूला अगदी खेटून, पिल्लू होतं. दूध प्यायला जातं तसं, खाली वाकून.

७

शुक्रवारी साहेबांनी फॉर्म भरूनच ठेवला होता. अल्बममधले बावीस, पुन्हा दिसलेले बावीस, दोन्ही बाजूंनी खात्री. जगण्याचं प्रमाण शंभर टक्के. संख्या स्थिर. पेन त्यांनी टोपण काढून पुढे केलं.

ताईने रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. हिशेब कसाही मांडला तरी तिच्यावरच उलटत होता. सही केली तर सोमवारी सुरुंग, आणि खाडीत खरोखरचं उरलेलं एकच पिल्लू त्यात जाणार. पिल्लाला मोजणीत घ्या, कोऱ्यांनाही धरा, आणि जे त्याच्यासारखं बुडतं, श्वास घेतं तेवढंच जिवंत माना, असा नियम काढला, तर बाकीचे गळून निदान सुरुंग थांबले असते. पण तिने मागितलेलं किती दिवसांत पोहोचतं आणि कसं परत येतं, हे तिने या आठवड्यात पाहिलं होतं. सोमवारी मावशी मोजणीतली एकटी खरी ठरली होती. गुरुवारी ती ओळीत होती. पिल्लू आजवर वाचलं होतं ते कुणी त्याला मोजत नव्हतं म्हणून.

तिने पेन घेतलं. साहेबांनी भरलेल्या आकड्यांवर एक आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, ‘मोजणी झाली नाही’, आणि त्याखाली सही केली.

साहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी पेन परत घेऊन टोपण लावलं.

“बाई, नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. पुढच्या हंगामापर्यंत खडकाला हात लावता येणार नाही, एवढं झालं.”

“कारण काय लिहू वर?”

“लिहा, माल दोन्ही बाजूंनी सारखाच निघाला.”

साहेब काहीतरी बोलायला गेले आणि त्यांची नजर तिच्या खांद्यावरून खिडकीबाहेर गेली. त्यांचा चेहरा खुलला. अहो, हे बघा, म्हणाले, हे तर इथवर आले. बंदराच्या आत कधी येत नाहीत हो! कॅमेरा कुठाय तुमचा?

कॅमेरा शेजारच्या खोलीत, तिच्या टेबलावर होता. ताई तो आणायला गेली नाही, पण खिडकीकडे वळली. भिंतीखालच्या पाण्यात ओळ उभी होती, बाविसांची, जिथे कमरेइतकंही पाणी नसतं तिथे. आधी डावी बाजू. ती थांबली, जणू क्लिक ऐकायला. मग सावकाश उजवी. मग पुन्हा डावी. मग कड, नुसती रेघ. दुकानात गिऱ्हाईक काही न बोलता उभं राहिलं की नवखा दुकानदार गांगरतो, हे दाखवतो, ते दाखवतो, तसं ते चाललं होतं. काय हवंय ते एकदा सांगा तरी, असं.

तिने पडदा ओढला. साहेब चिडून कॅमेरा शोधायला शेजारच्या खोलीत गेले.

पडद्याआडून श्वास ऐकू आला, फुस्स, पिल्लाचा असतो तसा आखूड. तिचे ओठ सवयीने हलले. तोंडापर्यंत आलेला आकडा तिने दातांखाली धरला आणि गिळून टाकला. मोजायचं नाही. आता कधीच नाही.

थोड्या वेळाने पुन्हा आला, फुस्स. किंचित डावीकडून. पिल्लूच सरकलं असेल. नाहीतर मागणी न ऐकताच कुणीतरी श्वास घ्यायला शिकलं असेल. ती पडदा मुठीत धरून उभी राहिली. दोन्हीतलं काय, ते मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.